नागपूरचे ऐक्य आणि बॅप्टिस्टांची सभा

नागपूर शहराच्या इतिहासात धर्मविषयक अशा निदान दोन घटना आहेत की ज्यांची नोंद शहराच्या सीमेपलीकडे, नव्हे देशाच्या सीमेपलीकडे घेतली गेली. त्यांतील १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. दुसरी घटना २९ नोव्हेंबर १९७० ची. त्या दिवशी सदर भागातील ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट परंपरांनी आपापली वेगळी नावे सोडून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या एका नावाखाली एकत्र येण्याची घोषणा केली. ख्रिस्ती समाजाबाहेर या घटनेची आठवण आज फारशी कोणाला असेल असे वाटत नाही. समाजाच्या आतही ती वर्धापनदिनाच्या उपासनेपुरतीच उरली आहे. तथापि त्या दिवशी जे ठरले आणि जे ठरावयाचे राहून गेले, त्याचे परिणाम आजही न्यायालयांच्या फायलींत आणि शहरोशहरीच्या मिशन कंपाउंडांच्या कुंपणांवर दिसत आहेत.

ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ मध्ये लखनौच्या गोलमेज बैठकीपासून सुरू होत्या. म्हणजे एकेचाळीस वर्षे. पूर्ण स्वराज्याच्या ठरावापासून स्वराज्य मिळेपर्यंत देशाला अठरा वर्षे लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या चर्चेची चिकाटी कळून येते. अँग्लिकन परंपरेची चर्च ऑफ इंडिया, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून १९२४ मध्ये झालेले युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट, चर्च ऑफ द ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषद, असे हे सहाजण. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर पडले. लग्नपत्रिका छापून झाल्यावर नवरा मुलगा नाही म्हणावा, तसाच तो प्रकार झाला. पण उरलेल्यांनी मांडव मोडला नाही.

या सहांमध्ये बॅप्टिस्टांचे येणे सर्वांत अनपेक्षित होते. बिशप ही संस्था मान्य नसणे आणि लहान मुलांचा बाप्तिस्मा मान्य नसणे, या दोन नकारांवर ज्यांचे वेगळेपण उभे, त्यांनी बिशप असलेल्या आणि बालबाप्तिस्मा देणाऱ्या चर्चमध्ये जाण्याचे मान्य केले. हे का घडले आणि त्यांनी येताना काय आणले, काय गमावले, हा विषय केवळ धर्मशास्त्राचा नाही. सामाईक मालमत्ता कोणाची आणि तिचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा, हा अर्थव्यवहाराचा प्रश्न त्यात गुंतला आहे.

बॅप्टिस्ट परंपरेचा उगम इंग्लंडमधून परागंदा होऊन अ‍ॅमस्टरडॅमला गेलेल्या एका लहानशा मंडळीत १६०९ च्या सुमारास झाला. तिचा मुद्दा साधा होता. मनुष्य जन्माने ख्रिस्ती होत नाही. सज्ञान झाल्यावर स्वतः विचार करून, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन, पाण्यात बुडून वर येऊन तो ख्रिस्ती होतो. ज्या शहराने १९५६ मध्ये लाखो सज्ञान स्त्रीपुरुषांना स्वतःच्या मुखाने प्रतिज्ञा उच्चारताना पाहिले आहे, त्या शहराला जन्माने मिळालेला धर्म आणि निर्णयाने घेतलेला धर्म यांतला फरक समजावून सांगण्याचे कारण नाही. या पहिल्या मुद्द्यातूनच दुसरा निघाला. प्रत्येक सभासद जर स्वतःच्या निर्णयाने आत आला असेल, तर मंडळीचा कारभारही त्या सभासदांच्या निर्णयानेच चालला पाहिजे. पाळक कोण असावा, त्याला वेतन किती द्यावे, छप्पर यंदा शाकारावे की पुढच्या वर्षी, कोणाला सभासद करावे आणि कोणाला काढावे, हे सारे मंडळीची सभा ठरवील. वर बिशप नाही, राजा नाही. सुतार, विणकर, मोलकरीण, ज्याला जमीनदाराच्या दारात उभे राहण्याची मुभा नव्हती त्यालाही या सभेत एक मत होते. इंग्लंडमध्ये सामान्य कामगाराला संसदेसाठी मत मिळण्यापूर्वी दोन शतके तो आपल्या चॅपलच्या हिशेबवहीवर मत देत होता.

भारतात ही परंपरा आली ती विल्यम कॅरी या चांभारकाम केलेल्या माणसाबरोबर. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी ज्या बैठकीत बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिचा आरंभीचा निधी होता तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. तोही रोख नव्हता, वर्गणीच्या वचनांचा होता. एवढ्या भांडवलावर आशियात पाऊल टाकण्याचे धाडस आजच्या कोणत्याही प्रकल्प-अहवालात बसणार नाही. १८०० पासून श्रीरामपूर येथे कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी जो संसार मांडला, तोही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्याजोगा आहे. कॅरीची फोर्ट विल्यम कॉलेजातील प्राध्यापकी, मार्शमनच्या शाळा आणि वॉर्डचा छापखाना यांची मिळकत एकाच सामाईक पेटीत पडे आणि प्रत्येकाला गरजेपुरते मिळे. मराठीवर तर या मंडळींचे ऋणच आहे. कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, कोश १८१० चा. या कामात त्याचा हात धरला तो वैजनाथ पंडितांनी. आणि त्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१५ च्या सुमारास राघोजी भोसल्यांची वंशावळी मोडी अक्षरांत छापून निघाली. नागपूरकर भोसल्यांचा इतिहास प्रथम छापला गेला तो हुगळीकाठच्या बॅप्टिस्टांच्या यंत्रावर, हा योगायोग नागपुरात फारसा सांगितला जात नाही.

पण श्रीरामपूरची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग प्रस्तुत विषयाला अधिक लागू आहे. या तिघांनी स्वकष्टाच्या पैशातून जमिनी, इमारती, कॉलेज उभे केले. इंग्लंडमधील सोसायटीचे जुने धुरीण निवर्तल्यावर नवी कमिटी विचारू लागली, की ही मालमत्ता कोणाच्या नावावर? श्रीरामपूरकरांचे म्हणणे असे, की ती मिशनच्या कार्यासाठीच आहे, पण व्यवस्था आमच्याकडे राहील. लंडनचे म्हणणे असे, की मिशन म्हणजे कमिटी. पत्रापत्री झाली, पुस्तिका निघाल्या, मने विटली, आणि १८२७ मध्ये दोघे विभक्त झाले. दहा वर्षांनी, कॅरी आणि वॉर्ड मातीआड गेल्यावर आणि मार्शमन मृत्युशय्येवर असताना, समेट झाला. भारतातील बॅप्टिस्टांच्या पहिल्याच पिढीत जो तंटा झाला तो बाप्तिस्म्याच्या पाण्यावरून झाला नाही, खरेदीखतावरील नावावरून झाला.

नागपूर हे बॅप्टिस्टांचे क्षेत्र नव्हते. मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते आणि त्या वाटणीत नागपूर स्कॉटिश मिशनकडे होते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला आणि १८८३ च्या कॉलेजाला त्यांचे नाव मिळाले, हे नागपूरकरांना ठाऊक आहे. मात्र हिस्लॉप ज्या फ्री चर्चचे होते, ते फ्री चर्च कशातून जन्मले हे सहसा सांगितले जात नाही. स्कॉटलंडमध्ये गावचा जमीनदार आपल्या मर्जीतला पाळक मंडळीवर लादू शकत असे. या हक्काविरुद्ध १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाळक आपली चर्चे, घरे आणि वेतने सोडून बाहेर पडले. म्हणजे नागपुरातील ख्रिस्ती मंडळीच्या मुळाशीही तोच प्रश्न होता, जो बॅप्टिस्ट दोनशे वर्षे विचारत होते: मंडळीच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा?

पुढे रेल्वे आली. बंगाल-नागपूर रेल्वेने कलकत्ता, ओडिशा, छत्तीसगड आणि नागपूर एका दोरीत ओवले. प्रदेशवाटणीचा करार गावात बसून राहणाऱ्यांसाठी ठीक होता. नोकरीच्या मागे फिरणाऱ्या माणसाला तो कसा पुरणार? कटकेकडचा बॅप्टिस्ट फिटर बदली होऊन मोतीबागेत आला, तर त्याने रविवारी कोठे जावे? आणि ज्या गावी जावे तेथील चर्चने त्याला विचारावे, की तुम्ही ‘आमच्यापैकी’ का? ऐक्याची खरी निकड परिषदांच्या ठरावांत निर्माण झाली नाही. ती अशा बदलीच्या हुकमांनी निर्माण केली.

दुसरे दडपण बाहेरून होते. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना १९५४ मध्ये सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने ख्रिस्ती समाज दुखावला गेला, आणि तो दुखावण्याची कारणेही होती. परंतु त्या अहवालात एक शिफारस अशी होती, की भारतीय चर्चांनी परकीय साहाय्यावर न विसंबता एकसंध व स्वतंत्र चर्च स्थापावे. चौदा वर्षांनी त्याच नागपुरात एकसंध चर्च अवतरले. ते अहवालामुळे झाले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. वाटाघाटी कितीतरी आधीच्या होत्या. एकसंधतेचा अर्धा भाग साधला, आणि पैशाविषयीचा अर्धा भाग मात्र मागे राहिला, एवढे म्हणता येईल.

धर्मतत्त्वांच्या बाबतीत १९७० ची तडजोड खरोखरच उदार होती. बालबाप्तिस्मा आणि विश्वासाच्या कबुलीनंतरचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय म्हणून मान्य झाले. ज्या आईबापांना मुलाला बाप्तिस्मा द्यावयाचा नसेल त्यांनी त्याला केवळ आशीर्वादासाठी आणावे, मोठेपणी तो स्वतः ठरवील. बिशप आले, पण बिशपपदाविषयीचा कोणताही एक सिद्धांत सर्वांवर लादला गेला नाही. सर्व परंपरांच्या पाळकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून एक सेवकवर्ग तयार केला. कोणाची दीक्षा अस्सल आणि कोणाची उणी, हा अपमानास्पद प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही. दिल्लीचे बिशप एरिक नासिर पहिले मॉडरेटर झाले. बॅप्टिस्टांतही सर्वजण आले नाहीत. नागा टेकड्यांतील, मिझोराममधील, तेलुगू प्रदेशातील मोठमोठ्या बॅप्टिस्ट मंडळ्या या ऐक्याबाहेरच राहिल्या. बंगालमध्ये काही आत, काही बाहेर. जे आले त्यांना त्यांचे पाणी मिळाले. त्यांची सभा मात्र त्यांना पूर्ण स्वरूपात मिळाली नाही. स्थानिक मंडळी ‘पास्टोरेट’ झाली, तिला एक समिती मिळाली; पाळकाची नेमणूक व बदली बिशपच्या अधिकारात गेली; आणि मालमत्ता विश्वस्त संस्थांकडे राहिली, ज्यांपैकी कित्येक कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या होत्या आणि ज्यांचे सभासद रविवारी बाकावर बसणारे लोक नव्हते.

एकेचाळीस वर्षांत पाण्याविषयी एवढी चर्चा झाली आणि सातबाऱ्याविषयी इतकी कमी, याचे नवल वाटते. नवल अशासाठी, की स्कॉटिश परंपरेच्या लोकांना तरी ठेच लागलेली होती. हिस्लॉपांचे फ्री चर्च १९०० मध्ये दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन चर्चशी एक झाले. मूठभर लोक, बहुतेक उत्तरेच्या डोंगराळ भागातले, या ऐक्यास नकार देऊन मागे राहिले आणि न्यायालयात गेले. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की मूळ तत्त्वांना चिकटून राहिलेले हे मूठभर लोकच फ्री चर्च होत आणि सारी मालमत्ता त्यांची. शेकडो चर्चे, कॉलेजे, निधी, सारे त्यांच्या हाती! शेवटी संसदेला १९०५ मध्ये स्वतंत्र कायदा करून वाटणी करावी लागली. ऐक्याचा ठराव झाला म्हणून मालमत्तेचे ऐक्य होत नाही, हा धडा १९७० पूर्वी पासष्ट वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होता.

भारतात तोच धडा गुजरातमधून पुन्हा आला. तेथील चर्च ऑफ द ब्रेदरनने १९७० च्या ऐक्यात सामील होण्याचे ठराव केले, पण काही सभासदांनी विलीनीकरण नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेले. २००५ मध्ये न्यायालयाने म्हटले, की हा वाद दिवाणी न्यायालयाचा नाही, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील अधिकाऱ्यांचा आहे. २०१३ मध्ये म्हटले, की कायद्याने घालून दिलेली पद्धत न पाळता केवळ ठरावाने नोंदलेला न्यास विसर्जित होत नाही आणि त्याची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही. नागपूरच्या त्या रविवारनंतर त्रेचाळीस वर्षांनी हे उत्तर मिळाले! ते विलीनीकरणाच्या विरोधकांच्या बाजूचे होते, म्हणून ऐक्यवाद्यांना ते कटू लागले. पण न्यायालयाने धर्मतत्त्वावर बोट ठेवलेच नाही. त्याने फक्त दप्तर पाहिले.

या साऱ्याच्या तळाशी एक आर्थिक कारण आहे. ज्याच्या पैशातून संस्था चालते, तो हिशेब मागतो. मिशनच्या काळात पाळकाचा पगार, शाळेचे अनुदान, दवाखान्याची औषधे समुद्रापलीकडून येत. हिशेबही समुद्रापलीकडे जाई. स्थानिक सभासदाने दर रविवारी टाकलेले दान हा उपासनेचा भाग होता, अर्थसंकल्पाचा नव्हता. त्याने काही विचारले नाही, कारण विचारण्याचा हक्क देणारा खर्च त्याने केला नव्हता. रेव्हरंड ना. वा. टिळकांना या व्यवस्थेतील अपमान फार आधी उमगला होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत होते. दोन वर्षांत ते वारले आणि प्रयोग मागे पडला. त्यांना कोणी बॅप्टिस्ट म्हणणार नाही. पण वेतन आणि स्वातंत्र्य यांचा संबंध त्यांनी बॅप्टिस्टांइतकाच स्पष्ट ओळखला होता.

परकीय निधीवर १९७६ च्या कायद्याने नियंत्रण आले, २०१० व २०२० मध्ये ते आवळले गेले, आणि तिकडच्या चर्चांचेही उत्पन्न आटले. आज परिस्थिती अशी आहे, की बहुतेक धर्मप्रांत उत्पन्नाने गरीब आणि जमिनीने श्रीमंत आहेत. शतकापूर्वी छावणीच्या कडेला, गावाबाहेर मिळालेल्या जागा आता भर शहरात आल्या आहेत. जुना बंगला, दोन चिंचेची झाडे आणि पडकी विहीर असलेल्या आवाराची किंमत त्या मंडळीच्या सर्व सभासदांच्या आयुष्यभराच्या दानापेक्षा अधिक भरेल. असा पेच जेथे पडतो तेथे विश्वस्तांच्या सचोटीवर भिस्त ठेवणे हा त्या सचोटीवरही अन्याय आहे. विश्वस्त मंदिराचे असोत, वक्फचे असोत की चर्चचे, मोह एकाच जातीचा असतो.

बॅप्टिस्ट सभेचे दोष झाकण्याचे कारण नाही. चाळीस कुटुंबांच्या मंडळीत दोन घराण्यांचे भांडण म्हणजे मंडळीचेच भांडण. मतदानाने पाळक नेमणारी मंडळी मतदानाने त्याला रस्त्यावरही आणते. श्रीमंत चॅपल श्रीमंत राहते आणि खेड्यातील गरीब मंडळीला पाळक परवडत नाही. बिशपच्या व्यवस्थेत शहराचा पैसा खेड्याकडे वळविता येतो, आणि भंडारा किंवा चंद्रपूरकडच्या लहान मंडळ्यांसाठी हा लाभ सामान्य नव्हे. स्वायत्ततेच्या नावाखाली हा दुवा तोडावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु पैसा वाटून देणारी वरची यंत्रणा असणे आणि त्या पैशाचा हिशेब खालच्या सभेत वाचला जाणे, या दोहोंत विरोध नाही. सहकारी संस्थांच्या या राज्यात तरी तो आहे असे मानण्याचे कारण नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षाला घाम फोडणारा सभासद हे महाराष्ट्राला परिचित दृश्य आहे.

मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे, ज्याला आता महाराष्ट्र असे नाव आहे, छत्तीसावे कलम सांगते, की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. हितसंबंधी व्यक्तीला हरकत घेता येते. पण हरकत घेण्यासाठी व्यवहार होत असल्याचे आधी कळावे लागते, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील चार ओळींच्या जाहिरातीतून ते कळतेच असे नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सिनॉडची बैठक दर तीन वर्षांनी भरते. कोणत्याही पास्टोरेटची जागा विकण्याचा किंवा दीर्घ मुदतीने देण्याचा प्रस्ताव प्रथम त्या पास्टोरेटच्या सर्व सभासदांच्या सभेपुढे लेखी मांडला जावा आणि सभेचा ठराव आयुक्तांकडील अर्जास जोडला जावा, असा नियम तिला करता येईल. त्यासाठी कोणत्याही धर्मतत्त्वाला हात लावावा लागत नाही. ज्या सहा परंपरा नागपुरात एकत्र आल्या, त्यांतील एकीने ही पद्धत तीनशे साठ वर्षे चालवून दाखविली होती. तिच्याकडून बाप्तिस्म्याचे पाणी घेतले गेले; हिशेबवही अजून घ्यावयाची राहिली आहे. आणि ती वही उघडण्यासाठी दिल्लीच्या सिनॉडची वाट पाहावी लागते असेही नाही. पास्टोरेटच्या पुढच्याच सभेत कोणाही सभासदाला उभे राहून विचारता येईल, की आपण ज्या आवारात बसलो आहोत त्याच्या मालमत्तापत्रकावर नाव कोणाचे आहे.